तळ्याचा दावा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर पळस्पे फाटा येतो. तेथून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव अशी गावे मागे टाकत एस.टी. महाडला पोहोचते. पनवेल आणि महाड ही दोन्ही गावे आपल्या रायगड जिल्ह्यातलीच. १९८१ साली नाव बदलण्यापूर्वी या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत.

पळस्पे फाट्याची एक गोष्ट या भागातील लोक सांगतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एकदा या रस्त्याने जाताना येथे थांबले. त्यांना तहान लागली होती. परंतु त्यांची जात कळताच त्यांना कोणी पाणी दिले नाही. ही हकीकत सोनबा येलवे नावाच्या एका गरीब माणसाच्या कानांवर गेली. त्यांना फार वाईट वाटले. बाबासाहेब पुन्हा या रस्त्याने येतील तेव्हा त्यांना आपण पाणी द्यायचे, असे सोनबांनी ठरवले. त्या दिवसापासून ते पाण्याचे मडके घेऊन फाट्यावर वाट पाहू लागले. उन्हात, पावसात ते उभे राहत. कोणी म्हणतात, ते असे कित्येक वर्षे उभे होते.

पाणी मागणारा हा माणूस अमेरिकेत व इंग्लंडात शिकून आलेला बॅरिस्टर होता. याच माणसाने पुढे आपल्या देशाच्या संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांच्या आयुष्यात पाण्याची गोष्ट आणि न्यायालयाची गोष्ट एकमेकींत कशी गुंतली, ते या पाठात पाहू.

भीमराव आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. आईचे नाव भीमाबाई. हे घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडजवळच्या आंबडवे गावचे. ते महार जातीचे होते. त्या काळी या जातीला व अशा आणखी काही जातींना अस्पृश्य मानत. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा. त्यांच्या स्पर्शाने माणूस विटाळतो, पाणी विटाळते, अशी समजूत होती.

भीमराव साताऱ्याच्या शाळेत शिकत होते. वर्गात ते एका बाजूला, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. तहान लागली तरी त्यांना नळाला हात लावता येत नसे. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला, तर त्या दिवशी तहान तशीच घेऊन घरी जायचे.

१९०१ सालची एक घटना त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. वडील तेव्हा परगावी नोकरीला होते. आई वारली होती. सुट्टीत भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांकडे जायला निघाली. नवे कपडे घालून, आगगाडीत बसून मुले मोठ्या आनंदाने मसूर स्टेशनवर उतरली. त्यांचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असा तोड निघाला!

रात्र झाली. बरोबर जेवणाचा डबा होता, पण पाणी नव्हते. वाटेत जकात नाका लागला. गाडीवानाने मुलांना सल्ला दिला, की तुम्ही मुसलमान आहोत असे सांगा, म्हणजे पाणी मिळेल. भीमरावांना उर्दू चांगले येत होते. नऊ-दहा वर्षांचा तो मुलगा नाकेदाराशी उर्दूत बोलला. परंतु नाकेदाराने त्यालाही पाणी दिले नाही. टेकडीवर पाणी आहे, हवे तर तेथून आणा, असे सांगून वाटेला लावले. भरलेला डबा तसाच राहिला आणि मुले उपाशी झोपली. वाचक मुलांनो, तुमची भाषा त्या रात्री एका तहानलेल्या मुलाच्या तोंडी होती, हे ध्यानात ठेवा.

पुढचे शिक्षण मुंबईत झाले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना वर्गात वेगळे बसावे लागले नाही. तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली त्यांना मध्येच परतावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला घर मिळेना. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. १९२० साली ‘मूकनायक’ हे पत्र सुरू केले आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठले. तेथून ते अर्थशास्त्राची मोठी पदवी घेऊन आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली परत आले.

आता ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. वकिलीची सनद काढायलाही हाताशी पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. मोठी कामे देणारे सॉलिसिटर अस्पृश्य वकिलाकडे फिरकत नसत. म्हणून लहान न्यायालयांतील, गरीब लोकांची कामे ते घेत. त्यांचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. मिळकत बेताचीच होती. परंतु या काळात कायद्याचे एक अंग त्यांना जवळून दिसले. पुस्तकातला कायदा वेगळा आणि गावातली रूढी वेगळी. न्यायालयात या दोघांची गाठ पडते, आणि तेथे कोण जिंकेल हे पुराव्यावर ठरते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. वकील, कायदा, हक्क, दावा, अर्ज, फिर्याद, हुकूम हे शब्द मराठीत रोज वापरतात. ते तुम्हांला वेगळे शिकवायला नकोत. ते तुमच्या घरातही आहेत. या पाठातला पुढचा भाग याच शब्दांनी भरलेला आहे.

१९२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशांतून बांधलेल्या किंवा सरकारी व नगरपालिकेसारख्या संस्थांच्या ताब्यातील विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करता यावा, असा तो ठराव होता. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही त्याप्रमाणे ठराव करून आपले चवदार तळे सर्वांना खुले केले.

चवदार तळे गावातच आहे. चारी बाजूंनी रस्ते, त्यांपलीकडे घरे आणि पाण्यापर्यंत उतरणारे घाट. तेथे सवर्ण हिंदू पाणी भरत. मुसलमान भरत. गुरेढोरे पाणी पीत. फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना मनाई होती. नगरपालिकेचा ठराव झाला, तरी तीन वर्षे एकही अस्पृश्य माणूस त्या पाण्याजवळ गेला नाही. जाण्याची कोणाची छाती झाली नाही. हक्क दिला होता, पण कागदावर.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. त्या भागातले तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी खूप खटपट केली होती. कुलाबा, रत्नागिरी आणि इतर जिल्ह्यांतून हजारो माणसे आली. त्यांत खेड्यांतून भाकरी बांधून चालत आलेली माणसे होती. एवढ्या लोकांना प्यायला पाणी हवे. ते चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागून सगळे लोक शांतपणे, रांगेने चवदार तळ्यावर गेले. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मागून सगळ्यांनी घेतले. एवढेच घडले. परंतु काही वेळातच गावात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. ती खोटी होती. तरी लाठ्या घेतलेले जमाव मंडपात घुसले आणि जेवणाऱ्या, परतीला निघालेल्या लोकांना त्यांनी मारले. कितीतरी जण जखमी झाले. काहींना गावातल्या मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला. बाबासाहेबांचे लोक संख्येने जास्त होते. ते चिडले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्यांनी हात उगारला नाही. कायद्याचा मार्ग धरला. पुढे हल्ला करणाऱ्यांपैकी काही जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

इकडे विटाळलेले तळे शुद्ध करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी पाण्यात ओतण्यात आल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनेही आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. कागदावरचा हक्क कागदावरूनही गेला.

बाबासाहेबांनी जाहीर केले, की २५ डिसेंबरला महाडला पुन्हा सत्याग्रह होईल. तयारी सुरू झाली. तेव्हा विरोधकांनी एक वेगळाच डाव टाकला. त्यांनी लाठ्या बाजूला ठेवल्या आणि ते न्यायालयात गेले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात त्यांनी दावा दाखल केला. नरहरी दामोदर वैद्य व इतर काही मंडळी वादी झाली. प्रतिवादी होते डॉ. आंबेडकर, त्यांचे सहकारी सीताराम नामदेव शिवतरकर आणि इतर. वादींचे म्हणणे असे, की तळ्यावर सवर्णांचीच वहिवाट आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची रूढी फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादींनी तळ्यावर जायचे नाही, पाणी घ्यायचे नाही.

या हुकुमाकडे नीट पाहा. न्यायालय हे दुबळ्याचा आधार, असे आपण म्हणतो. येथे तर न्यायालयाच्याच हुकुमाने तहानलेल्यांची वाट अडली होती. ज्यांच्या हाती गाव होते त्यांच्याच हाती आता हुकूमही होता.

२४ डिसेंबरला बाबासाहेब शेकडो सोबत्यांसह मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते महाडजवळच्या दासगाव बंदराला उतरले. तेथे हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. सगळे चालत महाडला गेले. गावात परिषदेसाठी जागा द्यायला कोणी हिंदू गृहस्थ तयार झाला नव्हता. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी. तेथेच मंडप पडला. गावचे व्यापारी सामान विकणार नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे धान्यही बाहेरून आणले होते. त्या रात्री मंडपापुढे मनुस्मृती या ग्रंथाचे दहन झाले. त्यातील नियम जन्मावरून माणसांत उच्चनीचता मानतात म्हणून.

मग खरा प्रश्न पुढे आला. हुकूम मोडायचा की पाळायचा? जवळजवळ चार हजार लोकांनी सत्याग्रहासाठी नावे दिली होती. तुरुंगात जायला ते तयार होते. किती तरी जण घरचे काम टाकून, कर्ज काढून आले होते. पाण्याला हात न लावता परत गेलो तर गावात लोक हसतील, असे त्यांना वाटत होते. ते चूक नव्हते. जिल्ह्याच्या कलेक्टरांनी स्वतः मंडपात येऊन न्यायालयाचा हुकूम मोडू नका, असे लोकांना समजावले. तरीही बहुतेकांचे मत सत्याग्रहाच्याच बाजूचे होते.

बाबासाहेबांनी रात्रभर विचार केला. आपले भांडण गावातील रूढीशी आहे. आपण न्यायालयाचा हुकूम मोडला, तर भांडण सरकारशी सुरू होईल. पोलीस आपल्यावर येतील आणि रूढीचे रक्षक बाजूला उभे राहून पाहतील. उलट दावा चालला, तर रूढीलाच पिंजऱ्यात उभे राहून उत्तर द्यावे लागेल. ती किती जुनी? तिचा पुरावा काय? हे प्रश्न आजवर तिला कोणी विचारलेच नव्हते. त्यांनी लोकांना हे समजावून सांगितले आणि सत्याग्रह तहकूब करायला लावले. २७ डिसेंबरला लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली. पाणी हाताच्या अंतरावर होते. पाण्याला कोणीही शिवले नाही.

हा निर्णय बरोबर होता का? त्या वेळी पुष्कळांना तो पटला नाही. पाणी पिऊन तुरुंगात जाणे त्यांना सोपे वाटले असते. परत जाऊन वाट पाहणे फार कठीण होते. आणि वाट किती पाहावी लागली, ते आता बघू.

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. मूळ दावा मात्र चालूच राहिला. साक्षीपुरावे झाले, जुनी कागदपत्रे आली. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने निकाल दिला. वादींचा दावा फेटाळला गेला. त्यांनी ठाण्याच्या न्यायालयात अपील केले. ३० जानेवारी १९३३ रोजी तेथेही ते हरले. मग ते मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. म्हणजे एका ओंजळभर पाण्यापासून अखेरच्या निकालापर्यंत दहा वर्षे गेली. या दहा वर्षांत बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदांना जाऊन आले, पुणे करार झाला, ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, निवडणूक जिंकून कायदेमंडळात गेले. तळ्याचा दावा त्यांनी या साऱ्या धावपळीत सोडला नाही.

उच्च न्यायालयात हे अपील न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे चालले. याच ब्रूमफील्ड यांनी १९२२ साली अहमदाबादला महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. महाडच्या प्रकरणात न्यायाधीशांनी असे ठरवले, की अस्पृश्यांना अडवण्याची रूढी अनादी काळापासून आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले आहे. तेव्हा कोणाला अडवण्याचा वादींना अधिकार नाही.

बाबासाहेब जिंकले. परंतु निकाल काळजीपूर्वक वाचणाऱ्याला त्यात एक खोच सापडते. पाणी सर्वांचे आहे आणि माणसे समान आहेत, म्हणून अस्पृश्यांना पाणी घेता येईल, असे त्या निकालात ठरले नव्हते. रूढीचा पुरावा कमी पडला, म्हणून ते जिंकले होते. रूढी खरोखरच प्राचीन आहे हे सिद्ध झाले असते, तर काय झाले असते? तशी रूढी अन्यायाची आहे की नाही, याचा विचार करण्याची वेळ न्यायाधीशांवर आली नाही. तो प्रश्न त्यांनी तसाच ठेवला. हा दोष न्यायाधीशांचा म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे असा कायदाच नव्हता, की जो रूढीपेक्षा मोठा आहे आणि जो माणसाला जन्मतःच समान मानतो. जेथे चांगला कायदा नाही, तेथे चांगला न्यायाधीशही फार काही करू शकत नाही.

तो कायदा लिहिण्याचे काम दहा वर्षांनी बाबासाहेबांकडे आले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. बाबासाहेब पहिले कायदेमंत्री झाले. २९ ऑगस्टला संविधान सभेने मसुदा समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला हेही या समितीचे सदस्य होते. प्रकृती बरी नसतानाही बाबासाहेबांनी या कामाचा मोठा भार उचलला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते अमलात आले.

या संविधानाच्या तिसऱ्या भागात नागरिकांचे मूलभूत हक्क आहेत. ते अनेकांनी मिळून, चर्चा करून ठरवले. तरीही महाडची हकीकत माहीत असलेला माणूस तो भाग वाचू लागला, की त्याला ओळखीच्या जागा दिसतात. तेराव्या कलमात म्हटले आहे, की मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द समजावा. आणि कायदा या शब्दात रूढी व वहिवाट हेही येतात. आता रूढी किती जुनी आहे, हे विचारण्याची गरज उरली नाही. ती हजार वर्षांची असली, तरी हक्काच्या आड येऊ शकत नाही. पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरापासून कोणालाही या कारणांवरून अडवता येणार नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. तलाव आणि घाट हे शब्द देशाच्या सर्वांत मोठ्या कायद्यात आले! सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे हा गुन्हा ठरवला.

पण हक्क लिहिला म्हणजे मिळाला, असे नाही. १९२४ चा ठरावही लिहिलेलाच होता. हक्क मोडला तर माणसाने कोणाचे दार ठोठावायचे? याचे उत्तर बत्तिसाव्या कलमात आहे. मूलभूत हक्कावर घाला आला, तर नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. आणि तसे जाता येणे हाही एक मूलभूत हक्कच आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. सगळ्या संविधानात सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते, असे विचारले तर आपण याच कलमाकडे बोट दाखवू, असे बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले. हे कलम नसेल तर संविधानाला अर्थ राहणार नाही, असे त्यांचे मत होते. ते या कलमाला संविधानाचा आत्मा मानत.

या कलमाखाली न्यायालय काही खास आदेश काढू शकते. त्यांतला एक आहे बंदी प्रत्यक्षीकरण. एखाद्याला बेकायदा डांबून ठेवले असेल, तर त्याला आमच्यापुढे हजर करा आणि कोणत्या कायद्याने धरले ते सांगा, असा हा हुकूम असतो. दुसरा आहे परमादेश. सरकारी अधिकारी किंवा नगरपालिका आपले कायदेशीर कर्तव्य करत नसेल, तर ते करण्याचा हा हुकूम. इंग्रजांच्या काळी परमादेशासारखे आदेश मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयेच काढू शकत, आणि तेही त्या त्या शहराच्या हद्दीपुरते. महाडच्या किंवा पनवेलच्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. संविधानाच्या दोनशे सव्विसाव्या कलमाने हा अधिकार प्रत्येक उच्च न्यायालयाला त्याच्या साऱ्या प्रदेशासाठी दिला.

संविधान लागू होऊन चार महिने झाले नाहीत, तोच या दाराचा उपयोग झाला. मुंबईहून ‘क्रॉस रोड्स’ नावाचे एक इंग्रजी साप्ताहिक निघत असे. मद्रास सरकारने आपल्या राज्यात त्यावर बंदी घातली. त्याचे संपादक रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. अशा निकालांनंतर १९५१ साली सरकारने संविधानात पहिली दुरुस्ती केली आणि भाषणस्वातंत्र्यावरील बंधने वाढवली. कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी संसदेत त्या दुरुस्तीची बाजू मांडली. न्यायालयाचे दार त्यांनी उघडे ठेवले. पण त्यातून आलेला प्रत्येक निकाल त्यांना पटला, असे नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिल रखडल्यामुळे त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

न्यायालयेही नेहमीच या दारात खंबीरपणे उभी राहिली, असे म्हणता येत नाही. १९७५ साली देशात आणीबाणी आली. हजारो माणसे खटल्याशिवाय तुरुंगात गेली. त्यांना सुटकेसाठी न्यायालयात येता येणार नाही, असा निर्णय १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी दिला. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी त्याविरुद्ध मत लिहिले. पुढे १९७८ च्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा हक्क बजावण्याची वाट बंद करता येणार नाही, अशी तरतूद झाली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने आपला तो जुना निर्णय चुकीचा ठरवला.

बाबासाहेबांनी हे पाहिले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईला दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांना निरोप द्यायला आलेल्यांमध्ये अशीही माणसे असतील, जी १९२७ साली तळ्याभोवती फिरून, पाण्याला न शिवता घरी गेली होती.

महाडला चवदार तळ्यात आता बाबासाहेबांचा पुतळा आहे. दरवर्षी २० मार्चला तेथे दूरदूरच्या गावांतून लोक येतात. मुंबईकडून येणाऱ्या पुष्कळ गाड्या पनवेलवरून, पळस्पे फाट्यावरून जातात. म्हातारी माणसे मुलांचा हात धरून तळ्याच्या पायऱ्या उतरतात, वाकतात आणि ओंजळीत पाणी घेतात.